पदरी पडलेलं पिस्तूल

नियम साधा आहे, मी ओदिलोनला सांगते.
पहिल्या पातळीच्या बंदूकबाजाला
हत्यार फुकट मिळतं.
विकत घ्यायचं तर हजार मोहरा,
आणि तुझ्या थैलीत अकरा,
त्यातली एक खोटी.

फुकट म्हणजे नवं नव्हे.
दस्त्याला तडा, घोडा सैल,
नळीवर कुण्या आधीच्या मालकानं
कोरायला घेतलेलं, अर्ध्यात सोडलेलं नाव.
तुझ्या हातात ते चालेल.
दुसऱ्या कुणाच्याही हातात मोडकंच समजायचं:
दानातून चार वजा,
आणि पाच किंवा खाली पडलं
की फुसका बार.
विकायला नेलंस तर मोडीचा भाव.
तेव्हा पदरी पडलं, पवित्र झालं.

सिदोनी हिरमुसते. तिचं पात्र चोराचं.

गुरुवारची रात्र, एरस्तालमधलं स्वयंपाकघर,
मेणकापडावर नकाशा, त्यावर
दैत्यांच्या जागी मांडलेले अक्रोड.
बाहेर म्यूज नदी धुक्यात बुडालेली.
ओदिलोनचे वडील सिंकपाशी बटाटे सोलताहेत.
"हा नियम कुणी केला?"
"पुस्तकात आहे, लांबेर."
"बंदुकीला हात ओळखता येत नाही.
येत असता तर"
आणि उरलेलं वाक्य
सालीबरोबर बादलीत.

एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यात नळ्या सरळ केल्या.
नळी डोळ्याला लावायची, खिडकीकडे धरायची,
आत सावलीची एक रेघ पडते.
रेघ वाकली म्हणजे नळी वाकली.
मग हातोडीचा ठोका. कधी दोन.
तिसरा लागला तर घरी जेवण जात नसे.
आता त्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.
नळ्या पुढे कुठे गेल्या,
कुठल्या बंदरावर उतरल्या, कुणाच्या खांद्यावर चढल्या,
ते सांगत नाहीत
आणि आम्ही गुरुवारी विचारत नाही.

मी दर्जाचा तक्ता वाचते:
मोडकं, जुनाट, साधं, उत्तम.
जुनाटचं उत्तम करायचं तर
तीनशे मोहरांचं सामान आणि एक दिवस.
"एक दिवस!" लांबेर हसतात,
सुरी हातात तशीच.
"आणि मजुरी?"
मी पान उलटते, परत उलटते.
"मजुरीचा नियम नाही."
"हं," ते म्हणतात, "हे मात्र खरं वाटतं."

साडेदहाला ओदिलोनची बंदूकबाज पुलावर कोसळते.
समोर एकच अक्रोड उरलाय, सगळ्यात मोठा.
सिदोनीचा चोर वाकतो,
तिच्या मुठीतून पिस्तूल सोडवून घेतो.
वीस पैलूंचा फासा मेणकापडावर घरंगळतो,
मिठाच्या डबीला टेकून थांबतो.
चार.

फुसका बार. कुणी बोलत नाही.
सिदोनी माझ्याकडे बघते, मी पुस्तकाकडे.

"त्यात बिघडलंय काय नेमकं?"
लांबेर हात पुसत टेबलापाशी येतात.
घोडा सैल आहे, मी म्हणते.
"मग तिला सांग, डाव्या अंगठ्यानं दाबून धर.
अंगठा भाजेल. पण बार उडेल."

हे कुठल्याच पानावर नाही.
तरी मी सिदोनीला मान हलवून खूण करते.
चोराच्या अंगठ्याची एक जखम लिहून घेते.
दुसरं दान: एकोणीस.
ओदिलोन खुर्चीवर उभा राहून ओरडतो,
शेजारची मादाम भिंतीवर मूठ आपटते,
नेहमीप्रमाणे दोनदा.

"लागली?" लांबेर विचारतात.
लागली.
"कुणाला?"
मी अक्रोडाकडे बोट दाखवते.
ते तो उचलतात,
चांगल्या डोळ्याजवळ नेतात, दिव्याकडे धरतात,
सवयीनं.
"याला नाव होतं?"

नव्हतं ठेवलं, मी म्हणते.
त्यांनी अक्रोड फोडला नाही, परतही ठेवला नाही.
गणवेशासारख्या त्या निळ्या स्वेटरच्या खिशात टाकला
आणि बटाट्यांखालचा गॅस बारीक केला.