पोकळ फरशी

कोरगावात सातेरीच्या देवळात टाईल्सचं काम मिळालं.
चौरस फुटाला पस्तीस, चहा समितीचा, जेवण आपलं.
मोरबीहून खोके आलेले,
प्रत्येक खोक्यावर वर बोट दाखवणारा बाण.

खजिनदार दामूबाब म्हणाले, ही डावी भिंत आधी घे.
हिचा तांबडा रंग कपड्यांना लागतो,
लग्नातल्या साड्या खराब होतात.

भिंत माझ्या आजाची.
मी बोललो नाही.

शाणू मेस्त खुब्यांच्या शिंपल्या भाजून चुना करायचा,
गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस मुरवायचा.
आजी म्हणायची, ह्याच्या अंगाला
बारा महिने लग्नघराचा वास.
त्या चुन्यावर काव: तांबडी माती,
धोतराच्या फडक्यातून चाळलेली,
नदीच्या गोट्याने घासून आरशासारखी केलेली.
मग भिंत ओली असेतो, तेवढ्याच वेळात,
दाभणाने खरवडायचं.

आपण म्हणतो चित्र काढलं.
तो खरोखरच काढायचा.
तांबडं निघायचं, खाली पांढरं उरायचं,
ते पांढरं म्हणजे हंस,
कर्कटकाने आखलेली कमळं,
कोपऱ्यात एक टोपीवाला शिपाई,
बंदूक उलटी धरलेला.
(मुद्दाम, की चुकून, हे त्याने
पोर्तुगीज गेल्यावरसुद्धा सांगितलं नाही.)

आत देवीला चेहरा नाही.
आत वारूळ. रोयण.
वाळवीने कणाकणाने वर आणलेली
तीच तांबडी माती.
सणाला तेवढा चांदीचा मुखवटा.
मी लहानपणी विचारलं होतं,
बाहेर एवढे मोर, एवढे हत्ती, मग आत नुसती माती कशी?
आजाच्या दातांत दाभण होतं.
तो हुं म्हणाला.
ते हो होतं की गप्प बस, कोण जाणे.

गुळगुळीत भिंतीवर फरशी धरत नाही.
पकड यायला आधी टोचे मारावे लागतात,
हातभर जागेत वीस-पंचवीस.
मी छिन्नी लावली.
तांबडं उडालं,
खालून पांढरं आलं.

दुपारपर्यंत हंस संपले.
शिपायाला मी पोराकडे दिला, झारखंडच्या सुखदेवकडे;
त्याने एका दमात उडवला
आणि हात झटकून विचारलं, हे कोण होतं?

मोर शेवटी.
मोराला डोळा नव्हता.
घरात सांगायचे, त्याच दुपारी माझा बाप जन्मला,
आजा धावत घरी गेला, परत येईतो भिंत वाळली.
आजी म्हणायची, छे, विडी ओढायला गेलेला.
वाळल्या भिंतीवर दाभण चालत नाही, तडे जातात.
साठ वर्षं तो मोर तसाच,
जिथे डोळा हवा तिथे नुसतं तांबडं.

त्याच्या मानेवर मी छिन्नी टेकवली
आणि पाणी प्यायला गेलो.
परत आलो.
तेवढा हातभर तुकडा न टोचता ठेवला.
वरच्या फरशीला चार कोपऱ्यांत चिमूट चिमूट चिकटा,
मधे काही नाही.
सुखदेव म्हणाला, उस्ताद, ही पोकळ वाजेल.
वाजू दे, म्हटलं.

पैसे द्यायच्या दिवशी दामूबाबनी
पाचाच्या नाण्याने भिंत ठोकत ठोकत तपासली.
टण, टण, टण, टण.
ढब.
ही बसली नाही नीट.
शिगम्यानंतर काढून लावतो, म्हटलं.
त्यांनी पाचशे कापून घेतले.

तीन शिगमे झाले.
देवळात गेलो की घंटेआधी
मी त्या फरशीवर बोटाचं पेर मारतो.
आतून कुणी काही बोलत नाही.
पण आषाढात भिंत पाणी ओढते,
आणि त्याच फरशीच्या सांध्यातून
एक तांबडी रेघ खाली उतरते.
पुजाऱ्याने पुसली तरी उद्या पुन्हा.

दामूबाबची धाकटी सून
तिथून जाताना पदर सावरून घेते.