तळटीप

मार्लिस टेंगस्डालने अहवाल काउंटरवर ठेवला
तेव्हा तिच्या हातमोज्यांवरचं बर्फ त्यावर वितळत होतं.
चकचकीत कागद. मुखपृष्ठावर घोडा,
घोड्याच्या मानेला बिलगलेली मुलगी,
मागे डोंगर, आमचेच, मोंटानाचे, पण जास्त निळे.
‘चौऱ्याऐंशी टक्के मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा.’
‘तुम्ही ग्रंथपाल,’ ती म्हणाली, ‘खरं आहे का, एवढंच सांगा.
शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत.’

बाहेर पिकअपमध्ये तिचा डेल बसलेला. पंधरा वर्षांचा.
इंजिन चालू. काचेवर त्याचा श्वास.

मी अहवाल मागून वाचते.
आधी आभार, मग तळटिपा, मग आकडे;
घोडा सगळ्यात शेवटी.

शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
अभ्यासाचा खर्च निवासी केंद्रांच्या संघटनेने केला आहे.
संशोधक स्वतंत्र आहेत.

खाल्ल्या मिठाला जागणं हा काही गुन्हा नव्हे.
बाईंनी खोटं लिहिलं नसेलही.
फक्त ते विचारलं नसेल
जे विचारलं की पुढच्या वर्षी मीठ मिळत नाही.

मी पेन्सिलीने दाखवत गेले.
सुरुवातीला चारशे बारा मुलं. शेवटी दोनशे सत्तर.
‘मधली कुठे गेली?’
पळाली. काढून टाकली. उत्तर दिलं नाही.
कच्ची मुलं पटावरून उडवली
की शाळेचा निकाल कसा शंभर टक्के लागतो, तसं.
आणि घरीच राहून, नुसती वाढून
जी सावरली असतील, ती कुणी मोजलीच नाहीत.
प्रश्नावली भरली कधी? घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी.
कुठे? केंद्रातच.

इथे माझी पेन्सिल थांबली.

ती खोली मला ठाऊक आहे.
यूटा, एक्क्याण्णवचा फेब्रुवारी.
साखळीने बांधलेलं पेन,
समोर मिस्टर हॅडलॉक, त्यांच्या खिशात माझं घरचं तिकीट.
‘मला आता बरं वाटतं.’ एक ते पाच.
पाच.
‘इथे मला सुरक्षित वाटलं.’
पाच, आणि गोल इतका नेटका काढला
की त्यांनी उठून पाठ थोपटली.
कुठल्याशा टक्क्यात मी अजून आहे तिथे,
सोळा वर्षांची, लक्षणीय सुधारलेली.

हितसंबंध जाहीर करावेत, असं मीच आत्ता म्हणाले होते.
तेव्हा सांगितलं. सगळं.
हेही, की शेजारच्या खाटेवरची ट्वायला म्हणायची
या जागेनं मला वाचवलं,
आणि ती खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही.
मला कुणी पैसे दिलेले नाहीत,
पण या पेन्सिलीला टोक कुणीतरी केलंय.

मार्लिसने हातमोजे घातले, काढले.
‘म्हणजे तुमच्यावरही विश्वास ठेवू नको?’
‘ठेवा. पण मोजून.’
‘मी रात्री त्याच्या दाराबाहेर झोपते,’ ती म्हणाली,
‘ते कशात मोजायचं?’

त्याला माझ्याकडे तळटीप नव्हती.
चिठ्ठीवर एका डॉक्टरणीचा नंबर लिहून दिला.
तिच्याकडे घोडे नाहीत. सहा आठवड्यांची रांग आहे.

पिकअप वळली तेव्हा डेलने बाहीने काच पुसली
आणि माझ्याकडे पाहिलं.
त्याला अजून कुणीच काही विचारलं नव्हतं.
मीही.