ओळ सतरावी

ओऱ्हूसच्या तिसऱ्या मजल्यावर
तोर्किलसर कॉफीच्याही आधी आकडा बघतात:
चार हजार एकशे बारा संदर्भ.
रात्रीत तीन वाढले.

सगळे त्या एकाच निबंधाचे.
बाकीचे सदतीस कुणी उघडत नाही.

तक्ता दोन, ओळ सतरावी.
दिलं: सीलचं काळीज. नातं: नाही.
परतफेडीची अपेक्षा: शून्य.

ती ओळ मी टंकली.
त्या हिवाळ्यात, उपेर्नाविकला,
टेप माझ्याच हातात होता
आणि आर्नांग्वाक सुरी पुसत म्हणाली होती,
"शेजारीण? छे, तिचं माझं बोलणं नाही.
पण दोन दिवस तिच्याकडे दिवा दिसला नाही.
म्हटलं, काळीज घेऊन जावं,
बघावं, भांडायला शिल्लक आहे का."

भांडणाला तक्त्यात रकाना नव्हता.
मी शून्य लिहिलं.
त्या शून्यावर पुढे केवढी माणसं प्राध्यापक झाली!

आज सरांचा निरोप.
केकवर साखरेत तोच आकडा,
सुरी फिरली, माझ्या बशीत
शेवटचा दोन आला, जरा मोडलेला.

खाल्ला नाही. रुमालात बांधला.
तळमजल्यावर गुनवोरच्या दाराखाली
सोमवारपासून उजेड नाही.

आमचं बोलणं
तसं बंदच आहे.