तिसरी पाळी

छत्तीस फूट.
टेप लावून बघितलं मी.
आमच्या उंबऱ्यापासून मागच्या न्हाणीपर्यंत तेहतीस भरतात,
वर तीन फूट गल्ली घेतली की झाली निवेदिताची होडी.
त्यात ती, कारवारची फिलोमेना,
दोन शिडं, एक स्टोव्ह,
आणि खाली चार किलोमीटर पाणी.

रोज संध्याकाळी मेसेज येतो, एकशे साठ अक्षरांचा.
अक्षांश, रेखांश, वारा किती.
उरलेल्या जागेत: आज भात करपला.
किंवा: फिलो झोपलीय, मी जागी.
किंवा नुसतं: ढग.
तिची आई आकडे ऐकून घेत नाही,
थेट करपलेल्या भातावर येते.

मी आलेखाच्या कागदावर टिंब देतो.
उद्यमबागेत लेथवर एकतीस वर्षं गेली,
नजरेच्या अंदाजावर विश्वास नाही.
व्हर्नियर लावतो: कालपासून आजपर्यंत अडीच मिलिमीटर.
वारा पडला त्या दिवशी शून्य पॉइंट चार.
एवढ्यासाठी दोघी रात्रभर जागल्या,
तीन तास ही, तीन तास ती.

पाळी म्हणजे काय ते मला सांगायला नको.
पहाटे तीनला माणूस स्वतःशी कुठल्या भाषेत बोलतो
हे तिसऱ्या पाळीवाल्यालाच ठाऊक.
इराप्पा भट्टीवरून येतो, हातमोजे काढत विचारतो,
मगळु एल्लि अदाळ री?
नीराग, मी म्हणतो. पाण्यात.
तो मान हलवतो, जशी काय गोकाकला गेलीय.

डोकं धुवायला एक लिटर, तेही रविवारी, तिनं कळवलं.
त्यात काय, आई म्हणाली,
इथंच शिकलीय की ती.
आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो.
भाजी धुतलेल्या पाण्यानं जिना धुणारी पोरगी
समुद्राला काय भिणार.

निपाणीच्या मावशीनं कडक भाकऱ्या दिल्या होत्या,
तीळ लावून, पत्र्याच्या डब्यातून.
एकोणिसाव्या दिवशी निरोप: अजून वाजतात.
आणि पहाटे डेकवर उडते मासे पडलेले असतात.
आईनं मला टाइप करायला लावलं:
सोमवारी सापडला तर परत सोड.

तेविसाव्या दिवशी मेसेज आला नाही.
चोविसाव्याही.
अंधारात ही म्हणाली, काय करूलाली असंल आत्ता?
मी झोपेचं सोंग घेतलं.

कामावर गेलो. ऑर्डर होती,
पंपाचे शाफ्ट, दोनशे नग.
प्रत्येक नग मला तिच्या सुकाणूची पिन वाटत होता.
ती पिन मी केलेली,
याच मशीनवर, दिवाळीच्या सुट्टीत, मालकाला विचारून.
चुकलो असेन तर तिथंच,
केसाएवढ्या त्या फटीत.

पंचविसाव्या रात्री, तीन वाजून दहा मिनिटं.
बॅटरीत पाणी गेलेलं, आता ठीक.
दोन दिवस वारा. आम्ही बऱ्या.
पिन करकरते. घट्ट करू का आप्पा?

हात पुसले, तरी स्क्रीनला तेल लागलंच.
लिहिलं: करू नको.
हलायला जागा मीच ठेवलीय.

पाठवल्यावर आठवलं,
जेवलीस का, हे विचारायचं राहिलं.

घरी फोन लावला.
ही जागीच होती, मागं बादलीत धार पडत होती.
सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं.
भात? तिनं विचारलं.
भाताचं काही लिहिलं नाही.
बरं, ती म्हणाली. नळ बंद करते, थांब.