बारा नंबर

कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसला,
पिठाच्या गिरणीला लागून आमची जालिंदर लॉन्ड्री.
त्या ऑक्टोबरात नेरूळच्या मैदानावर
आशियातले आठ देश उतरले होते,
बायकांचे संघ, सात-सात जणींचा रग्बी.
दर वर्षी कुठेतरी भरतो म्हणे, यंदा इथे.
नरेश भोईरच्या टेम्पोतून
रात्री साडेनऊला गोण्या आल्या.

सामना मी एकही पाहिला नाही.
सात मिनिटं, दोन मिनिटं दम, पुन्हा सात.
आमच्या मशीनचं नुसतं खंगाळणं त्याहून लांबतं.

पण कपडा बोलतो.
पाठीवर हिरवं, म्हणजे कुणीतरी आडवं केलं.
छातीवर हिरवं, थेट बेंबीपर्यंत ओढलेलं,
म्हणजे रेघेपलीकडे झेप, म्हणजे गुण.
हे मला नरेशने शिकवलं.
दुसऱ्या रात्री मीच त्याला म्हटलं,
आज कझाकस्तान जिंकलं ना?
तो टेम्पोचं फाळकं धरून बघतच राहिला.

रक्ताला गार पाणी. गरम लावलं की डाग जन्माचा.
गवताला स्पिरिट.
श्रीलंकेचा रंग सुटतो, ती वेगळी भिजवायची.

लाओसच्या गोणीत बारा जर्स्या.
अकरांची दशा बघवत नव्हती.
बारावी कोरी.
कॉलरच्या आत पेनाने नाव लिहिलेलं,
कुरडईसारखी अक्षरं, मला कुठली वाचता येणार.
खालची कड तेवढी चुरगळलेली,
मुठीत धरून कुणी दिवसभर बसून राहावं तशी.

मालक म्हणाले, ही सोड, साबण वाचेल.
मी नाही सोडली.
अकरांबरोबर टाकली, अकरांच्याच पाण्यात.

दुसऱ्या रात्री मी दिली तशी परत आली.
कड पुन्हा चुरगळलेली.
लग्नघरात सकाळपासून नटून उभं राहावं
आणि कुणी साधं मीठ वाढायलाही हाक मारू नये,
तसं काहीतरी वाटलं मला,
त्या कुठल्याशा पोरीसाठी.
कड दोनदा इस्त्री केली.

शेवटच्या रात्री गोणी उपडी केली.
मोजल्या. अकरा.
फरशीवर पसरून मोजल्या. अकराच.
पोटात गोळा आला.
परदेशचा मामला, भरून कोण देणार?

नरेशला फोन लावला. तो हसायला लागला.
"वहिनी, ती काढायलाच तयार नाही.
शेवटची तीन मिनिटं उतरवलं तिला.
पडली, उठली, परत पडली.
हरले ते.
आता हॉटेलात जेवायला बसलीय त्याच अवतारात,
लॉबीभर माती, मॅनेजर बोंबलतोय."
आणि एक फोटो पाठवला, पाठमोरा.

बाराच्या आकड्यातला दोन मातीखाली गेलेला,
उजव्या खांद्याची शिवण उसवलेली.
छाती दिसत नव्हती.
हिरवं होतं की नाही, कुणास ठाऊक.

मालकांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला.
बावीस वर्षं वाशीच्या मार्केटात गोणी वाहिलेला माणूस,
माथाडीतला, कंबर गेल्यावर इस्त्री धरली.
खांद्याच्या शिवणीवर थांबले. बराच वेळ.
"वजन घेतलंय हिनं," म्हणाले,
आणि आपल्या खांद्यावरच्या घट्ट्याला
उगीच हात लावून
पुन्हा टेबलाकडे गेले.

पहाटे पाचला घड्या बांधून दिल्या.
वहीत लिहिलं: लाओस, अकरा.
पैसे ठरल्याप्रमाणे बाराचे आले होते.
चाळीस रुपये मी नरेशच्या हाती परत पाठवले.
दोन रात्री कोरी जर्सी धुतली, त्याचे घेतले,
ते माझ्या घामाचे होते.
ही तर मी धुतलीच नाही.