माशी

दाभोळच्या चिरेखाणीत, पन्नास पावलांवर
पत्र्याचा डबा.
तीनही गोळ्या उजवीकडे गेल्या,
एकमेकींना चिकटून, तांबड्या भिंतीत.

‘हात चांगलाय तुझा,’ परकारचाचा म्हणाले,
‘माशी अजून भाऊंची आहे.’

भाऊंचा डोळा मोतीबिंदूनं गढुळला
तेव्हा कधीतरी त्यांनीच ती ठोकून घेतलेली.
डुकरं मात्र बरोबर पडायची.

मिठानं धरलेली खाच.
तेलाचा थेंब, पितळी ठोकणी,
एक हलकी टिचकी.
‘गोळी चुकते तिकडंच सरकव.’
मला उलटं वाटलं.

चौथी गोळी. डबा वाजला.

माशीच्या जुन्या जागी
केसाएवढी उजळ रेघ उघडी पडलीय.
खारा वारा चार दिवसांत तीही खाईल.
मी आधी तिथंच तेल लावलं.