रात्रपाळी

रमजानात आमचा दवाखाना रात्री चालतो.
मस्कत, घुब्रा, तिसरा मजला, खिडकी नसलेली खोली.
बाहेर मध्यरात्रीही अडतीस अंश.
पेटीच्या आत सदतीस, कायम.
पाळी या शब्दाचे मराठीत दोन अर्थ,
इथे दोन्हींचा हिशेब माझ्याकडे.

बशीच्या बुडावर मी मार्करने लिहिते:
बायकोचं नाव, नवऱ्याचं नाव, लग्नाच्या दाखल्याचा क्रमांक.
मर्यम शेजारी उभी राहून मोठ्याने वाचते,
मगच बशी पेटीत जाते.
देवरुखला आमच्याकडे सहाव्या रात्री
पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवत,
सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून.
इथे सहावी रात्र यायच्या आत
ज्यांना अजून कपाळच नाही
त्यांचं मी लिहून मोकळी होते.

काल सोहारहून यामिनी आली.
मी नुसतं 'बसा' म्हटलं,
मराठी ऐकून तिचा चेहरा सुटला, निरगाठ सुटावी तसा.
नऊ वर्षं.
गावी कुणी वाईट बोलत नाही तिला,
फक्त ओटीचं ताट तिच्यापाशी आलं
की जरा वळसा घेतं.
अहवाल नवऱ्याचा होता. शून्य.
'सासूबाईंना सांगितलंय, माझ्यातच आहे काहीतरी.
हे बंदरावर क्रेनवर असतात, ताई, साठ मीटर वर.
तिथे मन डळमळलं तर?'

मग आवाज अगदी खाली:
'दुसऱ्या कुणाचं घालाल बशीत?
नाव यांचंच लिहा.
पोथीतल्या राण्यांना मुलं कुठून झाली
ते आमच्या सासूबाईच वाचतात की चातुर्मासात,
चांगलं मोठ्याने.'
मला हसू आलं. तिलाही आलं.
मग कुणीच काही बोललं नाही.

मी इथला नियम सांगितला. दोघांचं चालतं, तिसऱ्याचं नाही.
मर्यम म्हणते, रक्त म्हणजे फलजचं पाणी,
कुठल्या डोंगरातून निघालं
हे शेवटच्या खजुरालाही ठाऊक हवं.
याच मर्यमने शाबान महिन्यात
थुरैयाच्या तीन गोठवलेल्या काड्या बाहेर काढल्या.
नवरा निझवाच्या रस्त्यावर गेला,
तो गेला तसं लग्न संपलं,
लग्न संपलं तशा काड्याही.
थुरैया दारापर्यंत आली होती, आत आली नाही.
मर्यमने नावं वाचली, नेहमीसारखीच मोठ्याने,
मग बराच वेळ हात धूत राहिली.
फलजबद्दल त्या दिवशी काही बोलली नाही.
मीही विचारलं नाही.

आपल्याकडे म्हणतात, तिला दिवस गेले.
इथे दिवस जात नाहीत, ठेवलेले असतात,
पहिला, तिसरा, पाचवा, काचेखाली.
यामिनीचे नुसतेच गेले.

माझी आई फोनवर रोज विचारते, आज किती?
मी आकडा सांगते. म्हणते, औक्षवंत होवोत.
बेचाळिशीच्या बिनलग्नाच्या लेकीला
दुसरं काय विचारायचं, हा प्रश्न तिने
असा सोडवला आहे.

यामिनीला सोडायला लिफ्टपाशी गेले.
तिचा नवरा दोन कप सुलेमानी घेऊन उभा,
हेल्मेटचा वळ कपाळावर अजून.
ती बाथरूमला गेली तेव्हा म्हणाला,
'विचारलं का तिने?'
'काय?'
'काही नाही.'
एक कप माझ्या हातात दिला.
तो तिच्यासाठी होता हे
घोट घेतल्यावर लक्षात आलं.

आत येऊन पुढची बशी घेतली, पुढचं नाव.
मर्यम वाचायला उभी.
मार्कर सुकत आलाय,
दोनदा झटकावा लागला.